गाठीची शेंडी

मी पायरी बोलतेय. हां, लगेच हात जोडू नका! मी काही देवळाची पायरी नाही, की येता-जाता कुणी बोटं टेकवून कपाळाला लावावीत. मी होडीची पायरी. दोन फळ्या आणि दोन दोर, एवढाच माझा संसार. होडीच्या कडेला लोंबकळायचं, पाण्यात भिजायचं, उन्हात तडकायचं आणि लोकांचे चिखलाचे पाय अंगावर घ्यायचे. पायीची वहाण पायीच बरी म्हणतात, तशी पायरीही पायाखालीच बरी, अशी मी स्वतःची समजूत घालत आले.

आता मात्र मी होडीला नाही. सुरतेच्या कोसाड वसाहतीतल्या एका खोलीत, छताच्या कडीला टांगलेली आहे. अंगाला पाण्याचा थेंब लागून वर्षं झाली. होडीची पायरी घरात कशाला, असं तुम्ही विचाराल. विचाराच. ते सांगण्यासाठीच मी आज तोंड उघडलंय, नाहीतर मला बोलायची कसली हौस?

माझा जन्म एका लूमच्या खात्यात झाला. खातं म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली ओळीनं लावलेले माग. शेजारच्या माणसाला हाक मारायची तर कानात तोंड घालावं लागतं, असा तिथला खडखडाट. धोटा ज्या फळीवरून इकडून तिकडे पळतो ना, ती फळी मी. मिनिटाला शंभराच्या वर खेपा तो माझ्या पाठीवरून मारायचा. किती वर्षं? कोण मोजतंय! शेवटी पाठ झिजून मध्ये खोलगट झाली, धोटा अडखळायला लागला, तेव्हा मला उपटून भंगारात टाकलं आणि माझ्या जागी नवी आणली. जाताना कुणी ‘फार राबलीस हो’ असंसुद्धा म्हटलं नाही.

त्या भंगारातून मला उचललं लोटूनं. लोटू त्याच खात्यात लूम चालवायचा. खान्देशातून आला तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं, आणि मी त्याच्या हाती लागले तेव्हा कानाशी केस पिकले होते. गडी तसा मुखदुर्बळ, पण एका गोष्टीचा त्याला फार तोरा. गाठीचा.

लूमवर धागा तुटतो. सारखा तुटतो. तो कारागिरानं डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडायचा, गाठ आवळायची आणि गाठीची जी दोन टोकं वर राहतात ती कात्रीनं अगदी मुळाशी कापायची. टोक राहिलं तर ते फणीच्या दातात अडकतं, कापडाला डाग दिसतो, माल नापास होतो. लोटूनं बांधलेली गाठ उजेडाकडे धरूनही सापडायची नाही. नव्या कारागिरांना खात्याचा मास्टर, म्हणजे मुकादम, सांगायचा, “गाठ मारायची तर लोटूसारखी. मारलेली कळता कामा नये.” हे ऐकलं की लोटू नुसता खाली बघून हसायचा आणि दिवसभर खूश असायचा.

मला घरी कशाला आणलं, तर बायकोसाठी. प्रमिलाबाईचा डावा पाय लहानपणीच तापात वाळलेला. उजव्यावर भार देऊन, डावा ओढत चालायची. तोंडानं मात्र खणखणीत. घरबसल्या साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करायची. तापी नदीपलीकडे वेड नावाच्या गावात एक व्यापारी होता, त्याच्याकडून साड्यांचा गठ्ठा आणायचा, घरी डिंकानं एकेक टिकली चिकटवायची आणि तयार माल परत पोचवायचा. लोटूचं खातंही पलीकडेच. बस होती, पण बसची पायरी हिच्या कमरेएवढी. कंडक्टर काखेत हात घालून वर ओढायचा. एकदा तर मागच्या माणसानं खालून ढकललं आणि अख्खी बस हसली.

त्या दिवशी घरी येऊन तिनं चूल पेटवली नाही. भिंतीकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, “आजपासून माले कोनी उचलानं नही. मी मरी जासू, पन कोना हात लावू देवाव नही.”

त्याच आठवड्यात लोटूनं अलीकडच्या, अमरोलीच्या काठावरच्या छगनकडून त्याची जुनी होडी घेतली. छगन मासेमार, नवी होडी केल्यामुळे जुनी काठावर पालथी पडली होती. त्यानंच लोटूला वल्हं मारायला शिकवलं. तापीकाठचा म्हणून लोटूची छाती फुगायची, पण गावी असताना यानं नदी बघितली ती गुरं धुताना. पहिल्या दिवशी होडी जागच्या जागी गरगर फिरली आणि छगन हसून हसून काठावर बसला.

होडीची कड उंच होती. मग मी आले. लोटूनं माझे दोन तुकडे केले, चारी टोकांना भोकं पाडली, दोर ओवला आणि मला होडीच्या कडेला अडकवलं. प्रमिलाबाईनं एका हातानं दोर धरला. उजवा पाय खालच्या फळीवर, मग वरच्या, मग दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत. बसली! कुणी हात लावला नाही की काही नाही. पदर सारखा करत तिनं काठाकडे असं बघितलं, जसं काही राज्य जिंकलं. आणि खरं सांगते, धोट्यानं लाखो खेपा केल्या माझ्या पाठीवरून, पण त्या एका पावलानं मला वाटलं, आपण कशाला तरी आहोत.

दर वेळी चढण्याआधी ती वाकून तापीच्या पाण्याला बोटं लावायची, कपाळाला टेकवायची. “माय, संभाळ व.” ही तिची सवय. ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आता, पायरीचं आयुष्य म्हणजे दुरुस्तीचं आयुष्य. पहिल्या पावसाळ्यातच मला शेवाळ धरलं. प्रमिलाबाईचा पाय निसटता निसटता राहिला. लूमच्या ज्या रुळावर कापड गुंडाळलं जातं त्याला किसणीसारखा खरखरीत पत्रा असतो, कापड घसरू नये म्हणून. तसला जुना पत्रा लोटूनं आणून माझ्यावर ठोकला. पाय घसरायचा थांबला, पण तळवा सोलून निघाला!

“खोबरं किसी काढं माय मन्हा पायनं!” प्रमिलाबाई ओरडली.

पत्रा निघाला, आणि सायकलच्या फाटक्या टायरचे तुकडे नक्षी वर ठेवून बसवले. ते मात्र जमलं. फळीला भेग पडली तेव्हा राळ वितळवून त्यात लाकडाचा भुसा कालवून भरला आणि वरून तारेचे दोन वेढे दिले. काथ्याचा दोर कुजला, तर खात्यातला वाया गेलेला नायलॉनचा धागा पिशवी भरभरून आणला आणि पोर बसली वेणी घालायला. पोर म्हणजे योगिता, या दोघांची एकुलती. तेव्हा शाळेत होती. स्वतःच्या वेणीसारखी तीन पेडांची वेणी घालून तिनं दोर केला, गुलाबी आणि पोपटी. छगन म्हणाला, “आ तो वरघोडानी होडी लागे छे!” वरात निघाल्यासारखी दिसते म्हणे. दिसू दे. मला आवडला होता तो दोर.

दाम लागत नव्हता कशाला. इकडचं तिकडे लावायचं, फुकटचं शोधायचं. छगनचा एक शब्द होता, “चालशे.” चालेल! काहीही दाखवा, खिळा वाकडा, फळी तिरकी, “चालशे.” त्यामुळे तोच छगन एकदा ‘हे चालणार नाही’ म्हणाला, तेव्हा खरं तर कान टवकारायला हवे होते. पण ते पुढे.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेगची साथ आली. दोन दिवसांत शेजारपाजार रिकामा झाला. लोक गाड्यांच्या टपावर बसून गावाला पळाले. लोटू गेला नाही. “त्या गर्दीमा हाई कशी चढी?” एवढंच म्हणाला. प्रमिलाबाईला लोकांनी पोत्यासारखं खिडकीतून आत ढकललेलं त्याला बघवलं नसतं. खातं बंद, रस्ते ओस. तिघं दार लावून घरात राहिली, आणि सकाळी सकाळी लोटू मला मांडीवर घेऊन बसायचा. घासून काढलं, डांबर दिलं, टायर नवं ठोकलं. कसली भीती असेल ती त्यानं माझ्या अंगावर घासली. मी इतकी देखणी आधी नव्हते आणि नंतरही झाले नाही.

साथ सरली, लोक परतले. पण खात्यात मास्टर नवा आला होता. आणि लोटूचे डोळे जुने झाले होते. तो दिवस मी पाहिला नाही, संध्याकाळी होडीत ऐकला. नवरा-बायकोचं निम्मं बोलणं होडीतच व्हायचं ना. लोटू वल्हं मारत होता, मध्येच थांबला.

“माले बॉबिन भराले बसाडं,” तो म्हणाला.

बॉबिन म्हणजे धाग्याची रिळं; ती भरायचं काम नव्या माणसाला देतात, नाहीतर निकामी झालेल्याला. प्रमिलाबाईनं हळूच विचारलं, “कसाले?”

“कपडामा गाठ दिसस म्हने मन्ही.”

त्यानं मास्टरला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. नाही दिली. हात बघत बसला. होडी आपोआप खाली वाहत चालली, तेव्हा प्रमिलाबाईनंच वल्ह्याला हात घातला. मी बाहेर लोंबकळत होते, तरी मला रडू आलं. पायऱ्यांना रडू येत नाही म्हणता? भिजलेल्या लाकडाचं कोण बघतो!

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत माझा एका बाजूचा दोर होडीच्या कडेवर घासून घासून तुटला. पौषातली सकाळ होती, लोटूला खात्यात वेळेवर पोचायचं होतं. नवा दोर ओवायला वेळ नव्हता. त्यानं दोन्ही टोकं हातात घेतली आणि त्याच्या बोटांनी जे वीस-बावीस वर्षं केलं तेच केलं. लूमची गाठ मारली. आवळली. खिशातली छोटी कात्री काढली आणि गाठीची दोन्ही टोकं मुळाशी कच्चकन कापून टाकली. मग गाठीवरून अंगठा फिरवला. गुलाबी-पोपटी वेणीत गाठ कुठे आहे ते पटकन कळत नव्हतं. कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडावर ते खाली बघून हसणं आलं.

“देख,” तो बायकोला म्हणाला, “दिसस का गाठ?”

“नही व माय! कथी शे?” प्रमिलाबाई म्हणाली. तिला दिसली होती. तिनं मुद्दाम तसं म्हटलं.

छगन शेजारी जाळं झटकत होता. तो वाकून बघायला आला आणि त्यानं मान हलवली. “नहीं चाले, लोटूभाई. गांठनी चोटली तो लांबी राखो!”

चोटली म्हणजे शेंडी. गाठीच्या टोकांना तो शेंडी म्हणायचा. होडीच्या गाठीला वीतभर शेंडी ठेवतात, कारण पाण्यातला दोर कधी ताणतो, कधी सैल पडतो, आणि प्रत्येक वेळी गाठ जराशी सरकते. शेंडी लांब असली तर सरकायला जागा राहते. लूमवर धागा सदा ताणलेला, तिथली गोष्ट वेगळी. पण हे छगनला माहीत, मला माहीत. लोटूच्या बोटांना एकच गाठ येत होती आणि ती बिनशेंडीची होती.

“छगनभाई,” लोटू जरा चढ्या आवाजात म्हणाला, “रोजन्या पाचशे गाठी मारेल शेतस या हातनी. एक सुटेल नही.”

छगन जाळं खांद्यावर टाकून निघून गेला.

दुसऱ्याच दिवशी मला कळलं. माझ्यावर भार नसला की गाठ सैल पडायची. पाणी मला हलवायचं, दोर ढिला व्हायचा, आणि ते नायलॉन, सापासारखं गुळगुळीत, केसभर केसभर मागे सरायचं. मी काय करणार? तेव्हा मला तोंड असतं तर बोंब मारली असती.

पण प्रमिलाबाईच्या हाताला ते कळलं. तिसऱ्या दिवशी दोर धरताना ती थबकली. घरी जाताना तिनं एकदाच विषय काढला.

“ती गाठ जराशी ढिली शे. फिरीसन बांधी देतस का?”

“तूबी आते तेच म्हन,” लोटू म्हणाला. “मास्टर म्हने दिसस, तू म्हनस ढिली. मंग मी हात तोडी टाकू का?”

“तसं नही हो. कपडानी गाठ येगळी नि मानूसनी येगळी, इतलंच म्हनं.”

रात्री तो ताट अर्ध्यातच सारून उठला. त्यानंतर तिनं ते पुन्हा कधी काढलं नाही.

काढलं नाही, पण तिनं एक युक्ती केली. चढायच्या आधी ती तापीच्या पाण्याला बोटं लावायला वाकायची, हे सांगितलंय ना मी? आता ती उजव्या हातानं पाण्याला शिवायची, आणि त्याच वेळी डाव्या हातानं, पदराआड, गाठीच्या दोन्ही बाजूचा दोर मुठीत धरून एक हिसका द्यायची. गाठ पुन्हा घट्ट. “माय, संभाळ व,” म्हणायची आणि चढायची. लोटूला वाटायचं, बायको भारी देवभोळी होत चाललीय. एकदा म्हणालासुद्धा, “इतला येळ काय मांगस मायपाशी?” ती नुसती हसली.

एक दिवस तर तिनं गाठीवर टिकल्यांचा डिंकही चोपडून पाहिला. वेडी! पाण्यात डिंक टिकतो होय? विरघळून गेला. पण तिच्या बोटांना सदा डिंक आणि टिकल्या चिकटलेल्या असायच्या, त्यातल्या काही गाठीच्या दोन्ही बाजूंना वेणीच्या पेडांत अडकून बसल्या. चांदीच्या रंगाच्या, मोहरीएवढ्या. मला त्या टोचायच्या नाहीत. उलट बरं वाटायचं, आपणही साडीतले झालो म्हणून.

अशी ती गाठ दीड महिना टिकली. लोटूच्या हातानं नाही, प्रमिलाबाईच्या. आणि लोटू जरा माणसात आला होता. वल्हं मारता मारता गाठीकडे बघायचा. बॉबिन भरून आलेला असला तरी बघायचा. तिच्यासाठी एवढं पुरेसं होतं.

मग गावाहून कार्ड आलं. कोपरा फाडलेलं. लोटूचे चुलते वारले होते. जाणं तर शक्य नव्हतं, पण सुतक लागलं. देवाला हात जोडायचा नाही, दिवा लावायचा नाही. काम मात्र कुणाचं थांबतं? दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं काठावर आली. प्रमिलाबाई सवयीनं पाण्याकडे वाकली.

“आगे!” लोटू म्हणाला, “सुतक शे ना. मायले हात नको लावू.”

ती तशीच अर्धी वाकलेली राहिली. तिनं माझ्याकडे बघितलं, म्हणजे गाठीकडे. मग लोटूकडे. नुसता दोर आवळायला वाकली असती तर त्यानं विचारलं असतं, काय करतेस म्हणून. आणि काय सांगणार होती? ती सरळ उभी राहिली आणि चढली. गाठीनं धरलं.

दुसऱ्या दिवशीही धरलं. मी सगळा जीव त्या गाठीत आणून उभी होते. अर्धं बोट दोर उरला होता.

तिसऱ्या दिवशी तिच्या खांद्यावर तयार साड्यांचा गठ्ठा होता. लोटू होडीत उभा राहून बांबू रोवून होडी धरत होता. पाणी उतरलेलं, धुण्याचे दगड उघडे पडलेले. तिनं उजवा पाय खालच्या फळीवर ठेवला. मग वरच्या फळीवर ठेवला आणि सगळा भार दिला.

गाठ सुटली. आवाजसुद्धा झाला नाही. मी एका बाजूला कलंडले आणि ती माझ्यावरून घसरून दगडांवर पडली. साड्या पाण्यात पसरल्या. लोटूनं बांबू टाकला आणि उडी मारली. छगन पलीकडून धावला. तिनं उठायचा प्रयत्न केला आणि जी किंकाळी फोडली, ती मला अजून ऐकू येते. उजवा खुबा मोडला होता. तिचा एकच पाय होता हो चालायला, तोच मोडला.

त्या दिवशी तिला चौघांनी उचललं.

सरकारी दवाखान्यात दीड-दोन महिने गेले. घरी आणली तीही उचलूनच, आणि खाटेवर ठेवली. त्यानंतर उठायला, बसायला, कूस बदलायला, सगळ्याला कुणाचा तरी हात. पहिले काही दिवस उचलताना ती डोळे मिटून घ्यायची. मग तेही सोडलं. खणखणीत तोंड बंद झालं ते बंदच.

मी इतके दिवस दाराबाहेर पडले होते. लोटूनं मला रागानं आणून फेकलं होतं, चुलीत घालायला. सगळा दोष माझा! म्हटलं, घाला बाबा, जाळा, तेवढं तरी होऊ द्या. एका दुपारी तो कोयता घेऊन आला. दोर तोडण्याआधी सुटलेलं टोक त्यानं हातात घेतलं. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून अंगठा फिरवला. त्याचा अंगठा म्हणजे काय, धाग्यातला केस ओळखणारा. तो थांबला.

अंगठ्याला खडबडीत काहीतरी लागलं. त्यानं दोर उजेडात धरला. टिकल्या चमकल्या. एक, दोन, पाच-सात. एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला. गाठ जिथे होती तिथेच, नेमक्या दोन्ही बाजूंना, मुठीच्या अंतरावर. बाकी अख्ख्या दोरावर कुठे एक टिकली नाही.

त्यानं कोयता बाजूला टाकला. मग मला तसंच ओढत आत घेऊन गेला आणि खाटेपाशी खाली बसला.

“तुले माहीत व्हतं?” त्यानं विचारलं.

प्रमिलाबाईनं दोर बघितला आणि तोंड फिरवलं.

“रोज ओढे का तू? मायना पाया पडाना निमित्तनी?”

तिनं पदर डोळ्यांवर ओढला.

“बोलनी का नही मंग! शिवी देती, थोबाडमा मारती माले. इतला येडा व्हतू का मी?”

तेव्हा ती वळली. कितीतरी दिवसांनी तिनं त्याच्या डोक्याला हात लावला आणि म्हणाली, “गाठ तुमनी बराबर व्हती. त्या तीन दिन मीच ओढी नही.”

लोटू रडला. मोठा बाप्या, गुडघ्यात डोकं घालून हुंदके देत रडला. सुतक आहे, मायला हात लावू नकोस, हे शब्द त्याचेच होते. ते त्याला आठवले, हे मला कळलं आणि तिलाही कळलं. पण ती त्याबद्दल मरेपर्यंत एक अक्षर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला धुतलं. तुटकी बाजू घेतली आणि गाठ मारली. होडीची गाठ, छगनकडून मुद्दाम शिकून आलेली. आणि शेंडी ठेवली वीतभर नाही, हातभर! दोन्ही बाजूंना. मग मला छताच्या कडीला टांगलं, बरोबर खाटेच्या वर, तिचे हात पोचतील असं. तिनं खालची फळी धरायची आणि स्वतःला ओढून उठून बसायचं. कुणी उचलायचं नाही.

योगिता बघत होती. नववीत होती तेव्हा, सगळं गुजरातीत चालायचं तिचं. म्हणाली, “पप्पा, आ केवुं लागे? चोटली कापी नाखो ने!”

“नही,” लोटू म्हणाला. “गाठ दिसाले जोयजे.” दिसायलाच हवी म्हणे.

प्रमिलाबाईनं मला धरलं. पहिल्या दिवशी जमलं नाही. आठवड्यानं जमलं. बसली! पदर सारखा केला. तसंच बघितलं, राज्य जिंकल्यासारखं. आयुष्यभर मी पाय झेलले, आता हात झेलू लागले. दोन वर्षं रोज झेलले. दुपारी पडल्या पडल्या ती त्या लांब शेंडीशी खेळायची, बोटाला गुंडाळायची, सोडायची. गाठ केसभरही सरकली नाही.

सत्त्याण्णव साली छातीत कफ भरला आणि चार दिवसांत ती गेली. शेवटच्या सकाळी तिनं मला धरलं होतं. उठवलं नाही तिच्यानं, पण धरलं होतं. मग मूठ सुटली. गाठ नाही सुटली, हो. मूठ सुटली.

योगिता लग्न होऊन सुरतेजवळच्या सचिन गावाला गेली. होडी छगनकडे परत गेली. लोटू आता साड्यांचे धागे कापायचं काम घरीच बसून करतो, रिकाम्या खाटेच्या कडेला. मला कुणी काढलं नाही. माझं टायर सुकून तडकलंय, राळ गळून भेग पुन्हा उघडी पडलीय. ती भरायची आता कुणाला घाई नाही.

बायांनो, बाप्यांनो, मी पायाखालची बाई, तुम्हाला काय शहाणपण शिकवणार? तरी एक सांगते. मोडलेलं जोडाल ना, जरूर जोडा, फुकटच्या चिंधीनं जोडा, टायरच्या तुकड्यानं जोडा. पण गाठीची शेंडी कापू नका. दिसली तर दिसू द्या. आणि कुणी ‘ढिली आहे’ म्हणालं, तर रागावू नका हो. ऐका. नाहीतर ते माणूस पुन्हा सांगणार नाही, गपचूप ओढत बसेल.

लोटूला मी हे सांगत नाही. त्याला माहीत आहे. रोज संध्याकाळी काम आटोपलं की तो उठतो, गाठीच्या दोन्ही बाजूचा दोर मुठीत धरतो आणि एक हिसका देतो. माझ्यावर आता कुणी चढणार नाही, की कुणी लटकणार नाही. तरी देतो. मग माझ्या फळीला बोटं लावतो आणि कपाळाला टेकवतो.